नाताळचा डबा: भांडं चॅरिटी शॉपचं, खाऊ घरचा

शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. भाजी आली तर त्याच डब्यात चार लाडू जातात, काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरासाठी नाताळच्या भेटींचा सगळा बेत मी याच सवयीवर बसवला आहे. डबा, बरणी किंवा बशी चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दानात आलेल्या वस्तूंच्या दुकानातून, आणायची आणि तिच्यात घरी केलेला खाऊ भरून द्यायचा. दोन-तीन पौंडांचं भांडं, साधारण तेवढ्याच पैशांचा खाऊ, आणि मुलांच्या शिक्षिकेपासून समोरच्या घरातल्या आजींपर्यंत कुणालाही देता येईल अशी भेट तयार होते. दुकानात पंधरा-वीस पौंडांना मिळणाऱ्या 'गिफ्ट सेट'मध्ये असतं तरी काय? एक मग, कोकोचं पाकीट आणि भरपूर प्लास्टिक.

हे काम डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करून मात्र जमत नाही. मनासारखं भांडं हवं तेव्हा मिळत नाही, मिळेल तेव्हा घ्यावं लागतं. चटणी मुरायला महिना लागतो. म्हणून जे जेव्हा करायचं, त्याच क्रमाने सांगते.

ऑक्टोबर: आधी यादी

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात त्या माणसाला काय चालत नाही (शाकाहारी, व्हीगन, मधुमेह, सुक्यामेव्याची ॲलर्जी), तिसऱ्यात कोणत्या प्रकारचं भांडं. 'काय विकत घ्यायचं' हा रकाना ठेवूच नका. तो ठेवला की दुकानात शिरल्यावर स्वस्त दिसेल ते उचललं जातं, आणि स्वस्तात घेतलेली नको असलेली वस्तू शेवटी महागच पडते.

घरातले धरून दहा-बारा नावं पुष्कळ झाली. ऑफिसात सीक्रेट सँटा (चिठ्ठीत नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची रीत) असेल तर बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा पौंडांची मर्यादा असते. ती वरची मर्यादा असते, तेवढे खर्च केलेच पाहिजेत असं नाही. दोन पौंडांचं चांगल्या स्थितीतलं पुस्तक आणि सोबत शॉर्टब्रेडची (लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांची) पुडी, एवढ्यात भागतं.

दिवाळी आणि नाताळ यांत दीड-दोन महिन्यांचंच अंतर असतं, त्याचा फायदा घ्या. दिवाळीच्या सुमारास मोठ्या सुपरमार्केटांत तूप, पीठ, काजू-बदाम यांवर सवलती लागतात. फराळाचं सामान भरतानाच मैदा, वेलची, बेदाणे, डेसिकेटेड कोकोनट थोडं जास्त घेऊन ठेवा. मसाले आणि सुकामेवा नेहमीच आशियाई दुकानातून घ्यावा. वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड किंवा बर्मिंगहॅमचा सोहो रोड जवळ असेल तर उत्तमच. सुपरमार्केटच्या बेकिंगच्या फळीवर चिमुकल्या बाटलीतून विकली जाणारी वेलची बघून आपल्या जिवाला लागतं ते उगाच नाही.

कुठल्या दुकानात, कधी

ज्यांनी अजून चॅरिटी शॉपचं दार ढकललेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकून एखाद्या संस्थेसाठी पैसा उभा करणारं हे दुकान. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने १९४०च्या दशकाच्या अखेरीस उघडलेलं दुकान आजही चालू आहे, आणि आता देशभरात अशी सुमारे दहा हजार दुकानं आहेत. वस्तू दानातून येतात, काउंटरवर बहुतेक स्वयंसेवक असतात, दान आलेल्या मालावर व्हॅट शून्य असतो आणि दुकानावरच्या स्थानिक करात ८० टक्के सवलत मिळते. किमती कमी असण्याचं कारण एवढंच. माल वाईट म्हणून स्वस्त, असं त्यात काही नाही.

सगळी दुकानं सारखी नसतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची काही मोठी दुकानं फर्निचर आणि विजेच्या वस्तूंची असतात. ऑक्सफॅमची वेगळी पुस्तकांची दुकानं असतात, आणि सीक्रेट सँटाची पुस्तकं तिथूनच घ्यावीत, कारण निवड करणाऱ्याला पुस्तकं कळतात. बार्नाडोज, स्कोप, सू रायडर, कॅन्सर रिसर्च यूके यांच्याकडे कपडे भरपूर. काचेची आणि चिनी मातीची भांडी मात्र मला सर्वांत चांगली मिळतात ती गावातल्या हॉस्पिसच्या (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या) दुकानात. तिथे आसपासच्या जुन्या घरांतलं आवरून आलेलं सामान येतं आणि त्यावर किंमत चिकटवताना कुणी इंटरनेटवर भाव शोधत बसलेलं नसतं.

श्रीमंत वस्तीत माल चांगला असतो हे खरं, पण तिथे त्याची किंमतही ओळखलेली असते. लंडनच्या चेल्सीतलं दुकान बघायला जा, भेटी घ्यायला नको. बसने अर्ध्या तासावर असलेलं, एकाच रस्त्यावर चार-पाच चॅरिटी शॉप्स असणारं मध्यम आकाराचं गाव बघा. शनिवार-रविवारी लोक घरं आवरतात, पिशव्या आणून देतात आणि तो माल आठवड्याच्या सुरुवातीला छाटून मांडला जातो. त्यामुळे मंगळवार-बुधवारची सकाळ बरी. नाताळच्या वस्तू, म्हणजे सजावट, लाल-हिरव्या बशा, जंपर (स्वेटर), ही दुकानं वर्षभर मागच्या खोलीत साठवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदम बाहेर काढतात. त्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर निवड मिळते.

मुलांच्या शाळेत डिसेंबरमध्ये 'ख्रिसमस जंपर डे' असतो. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने तो २०१२ साली सुरू केला. एका दिवसासाठी नवा जंपर घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, कारण पुढच्या वर्षी त्याच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या असतात. मुलांच्या मापाचे जंपर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच उचला, नंतर फक्त मोठ्यांचे उरतात. जमलं तर एक माप मोठा घ्या.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी

इथे घाई करायची नाही. चॅरिटी शॉपमध्ये वस्तू परत घेतीलच असं धरून चालू नका. काही घेतात, काही घेत नाहीत, आणि दुसरा नग तर कुठेच नसतो.

*चिनी मातीची बशी किंवा वाडगा.* तळहातावर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारा. भांडं धड असेल तर खणखणीत आवाज निघतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, मग नक्षी कितीही सुंदर असो, खाली ठेवा. लखलखीत आवरणाखाली जाळीसारख्या बारीक भेगा दिसत असतील तर अशा भांड्यात ओलं किंवा तेलकट काही ठेवू नये. तेल आत मुरतं आणि धुऊनही जात नाही. आतल्या बाजूला रंगीत नक्षी असलेली फार जुनी भांडी शोभेलाच ठेवावीत, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

*काचेचं ओव्हनचं भांडं.* पायरेक्सची जुनी, फुलापानांची छपाई असलेली भांडी ब्रिटनमध्ये पुष्कळ दिसतात. इथलं पायरेक्स सन्डरलंडला २००७पर्यंत बनत असे. काठावर टवका उडालेला नको आणि आतून ओरखडे नकोत. ओरखड्यातूनच तापलेली काच तडकते.

*पत्र्याचा बिस्किटाचा डबा.* या बेतातला हा खरा नायक. झाकण उघडून आधी वास घ्या. लोक या डब्यांत बटणं, खिळे, बुटाचं पॉलिश, काहीही ठेवतात आणि पॉलिशचा वास जात नाही. मग आतल्या कोपऱ्यांत आणि झाकणाच्या दुमडलेल्या कडेत बोट फिरवा, गंज तिथे लागतो. झाकण घट्ट बसतंय ना ते बघा. घरी आणल्यावर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोमट ओव्हनमध्ये दहा मिनिटं सुकवा. नुसतं पुसून ठेवलं तर दुमडीत पाणी राहतं. खाऊ भरताना आत बेकिंगचा कागद घालायचाच.

*बरणी.* तार-कडीच्या झाकणाची बरणी मिळाली तर घ्या, पण तिची रबरी चकती नवी आणा, वेगळी विकत मिळते. चटणीसाठी खरं तर आपल्याच घरातल्या जॅमच्या रिकाम्या बाटल्या सगळ्यांत उत्तम. झाकण आतून पांढऱ्या थराचं हवं. नुसत्या पत्र्याला व्हिनेगर लागलं की तो काळा पडतो.

*लोकरीचे कपडे.* दिव्याच्या दिशेने धरा, कसरीची भोकं लगेच दिसतात. लेबल वाचा. 'शंभर टक्के मेरिनो' किंवा 'कॅशमिअर' असेल आणि भोक नसेल तर सहा-आठ पौंड काहीच नाहीत. हात लावल्यावर कापड जाड, आखडलेलं वाटलं तर कुणीतरी ते गरम पाण्यात धुतलेलं आहे. घरी आणलेली लोकरीची वस्तू पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे कसर असलीच तरी मरते. मार्क्स अँड स्पेन्सरच्या कपड्यावर 'सेंट मायकल' असं लेबल दिसलं तर तो २०००च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा आहे असं समजा, कारण तेव्हा त्यांनी ते नाव बंद केलं. त्या काळातले कपडे शिलाईला अजून दणकट वाटतात.

*खेळणी.* सीई किंवा यूकेसीए ही सुरक्षेची खूण असावी. गोल चपट्या बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद असला पाहिजे. लहान मुलाने ती बॅटरी गिळली तर जिवावर बेततं, म्हणून नुसतं ढकलून उघडणारा कप्पा असेल तर खेळणं फुकट मिळालं तरी नको. जिगसॉच्या खोक्यावर बहुधा 'तुकडे पूर्ण' अशी चिठ्ठी असते, नसेल तर काउंटरवर विचारा. पाचशेच्या वरचे तुकडे मोजत बसायला आपल्याला वेळ नसतो, तेव्हा मुलांसाठी शंभरपर्यंतचेच घ्या.

विजेची वस्तू घ्यायची तर प्लगवर सुरक्षा-तपासणीचा 'पॅट' स्टिकर बघा. स्लो कुकर आणि हँड मिक्सर इथे खूप मिळतात, नवीन घर मांडणाऱ्याला देण्यासारखे.

घासाघीस करू नका. मंडईत आपण पाच रुपयांसाठी पाय काढता घेतो, ते इथे शोभत नाही. समोरची व्यक्ती फुकट काम करत असते आणि पैसा कॅन्सरच्या संशोधनाला किंवा हॉस्पिसला जाणार असतो. वस्तूत दोष दिसला तर तो दाखवावा, बाकी त्यांच्यावर सोडावं.

एक पिशवी न्यायची, एक आणायची

जाताना घरातली नको असलेली पिशवी घेऊन जा. धुतलेले कपडे, सगळे तुकडे असलेली खेळणी, वाचून झालेली पुस्तकं. खेळणी नोव्हेंबरमध्येच द्यावीत, म्हणजे कुणाला तरी नाताळाआधी ती विकत घेता येतात. रात्री बंद दुकानाच्या दारात पिशव्या ठेवून यायचं नाही. पाऊस आणि कोल्हे मिळून त्याचा कचरा करतात आणि तो उचलण्याचा खर्च त्या संस्थेवरच पडतो. कार सीट, हेल्मेट यांसारख्या वस्तू दुकानं घेत नाहीत.

पिशवी देताना 'गिफ्ट एड'साठी नाव नोंदवणार का, असं विचारतात. ही सोय नीट समजून घ्या. तुम्ही ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तर तुमच्या वस्तूंच्या विक्रीवर संस्थेला सरकारकडून पौंडामागे २५ पेन्स जास्त मिळतात. तुमचं सामान ४० पौंडांना विकलं गेलं तर संस्थेला ५० मिळतात आणि तुमच्या खिशातून काही जात नाही. एकदा अर्ज भरला की स्टिकर मिळतात, पुढे प्रत्येक पिशवीवर ते लावायचे. मात्र जे इथे कर भरत नाहीत, म्हणजे कमाई नसलेले विद्यार्थी किंवा नोकरी न करणारा जोडीदार, त्यांनी सही करू नये. तेवढा कर भरलेला नसेल तर फरक त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो. घरात जो कर भरतो त्यानेच आपल्या वस्तू आपल्या नावाने द्याव्यात.

नाताळची कार्डंही चॅरिटी शॉपमधूनच घ्या. सुपरमार्केटमध्येही 'चॅरिटी कार्ड' असतात, पण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत संस्थेला किती जाणार ते छापलेलं असतं, ते एकदा वाचून बघा. कार्डं हाताने देता येतील तितकी हातानेच द्या, पोस्टाची तिकिटं आता कार्डापेक्षा महाग झाली आहेत. भारतात पाठवायची असतील तर नोव्हेंबर संपायच्या आत टाका.

नोव्हेंबर: सफरचंदाची चटणी

ॲडव्हेंट (नाताळआधीचे साधारण चार आठवडे) सुरू होण्याआधीच्या रविवाराला इथे 'स्टर-अप संडे' म्हणतात. त्या दिवशी घरोघर ख्रिसमस पुडिंग ढवळायची रीत. आपण त्या दिवशी चटणी ढवळावी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, प्रत्येक इंग्रज घरात उरलेलं थंड मांस आणि चीज खातात आणि त्यासोबत चटणी लागतेच. आपल्या हातची, मोहरी-आल्याची चटणी मिळाली तर लोक पुढच्या वर्षी बाटली धुऊन परत आणून देतात. मागणी कळवण्याची ही त्यांची पद्धत.

ब्रॅमली जातीची आंबट सफरचंदं घ्या. शरद ऋतूत अनेक घरांबाहेर 'हवी तेवढी न्या' अशी पाटी लावून खोकी ठेवलेली असतात, त्यांतली चालतील, किडका भाग काढायचा. सोलून, बिया काढून १ किलो फोडी, ३०० ग्रॅम बारीक कांदा, १५० ग्रॅम बेदाणे, ४०० ग्रॅम ब्राउन साखर, ५०० मिली सायडर व्हिनेगर, ४० ग्रॅम किसलेलं आलं, २ चमचे मोहरी, १ चमचा लाल तिखट, २ चमचे मीठ, दालचिनीचा एक तुकडा आणि चार लवंगा. सगळं एकत्र करून स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर झाकण न ठेवता शिजवा. पितळी पातेलं नको, कल्हई असली तरी नको, आणि ॲल्युमिनियमचंही नको. व्हिनेगर धातू खातं. घराला दोन दिवस वास राहतो, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि कोट बाहेरच्या खोलीत ठेवा.

सव्वा ते दीड तासाने चटणी दाटते. झाली की नाही हे घड्याळावर ठरवू नका. लाकडी उलथनं पातेल्याच्या तळावरून ओढा. मागे वाट उघडी पडली आणि त्या वाटेत पाणी धावत न येता ती क्षणभर तशीच राहिली, की गॅस बंद करा. शेवटच्या पंधरा मिनिटांत ती तळाला धरते, तेव्हा तिथून हलू नका.

बाटल्या आधी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, ओल्याच, १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. झाकणं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. गरम बाटलीत गरम चटणी भरायची, थंड बाटलीत भरली तर काच तडकते. झाकण लगेच लावा. एवढ्या सामानात जॅमच्या साधारण चार-पाच बाटल्या होतात. अंधाऱ्या कपाटात चार आठवडे ठेवा. ताजी चाखलीत तर फक्त व्हिनेगर लागेल, त्यावरून मत बनवू नका.

डिसेंबर: तीन गोड पदार्थ, त्याहून जास्त नाही

मिन्स पाय (गोड सारण भरलेली नाताळची छोटी पेस्ट्री) घरी करायचा सोस असेल तर हौस म्हणून करा, बचत म्हणून नको. सुपरमार्केटमध्ये सहा पायांचं खोकं इतकं स्वस्त असतं की तुमच्या लोण्याचाही खर्च निघत नाही. शाकाहारी मंडळींनी आतलं सारण वाचून घ्यावं. नावात मांस असलं तरी आत सुकामेवाच असतो, पण त्यात घातलेला 'सूएट' कधी वनस्पतीजन्य तर कधी गाई-बैलाच्या चरबीचा असतो. ख्रिसमस केकमध्येही बचत नाही: चांगला करायचा तर सुकामेवा आणि ब्रँडी मिळून पंचवीस पौंड सहज जातात.

*वेलची शॉर्टब्रेड.* प्रमाण कायमचं लक्षात राहण्यासारखं आहे: साखर एक भाग, लोणी दोन, पीठ तीन. १०० ग्रॅम कास्टर शुगर आणि २०० ग्रॅम मऊ लोणी एकत्र फेसा. २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाची पिठी, चिमूटभर मीठ (लोणी खारट नसेल तर) आणि आठ-दहा वेलदोड्यांची पूड घाला. मळायचं नाही, फक्त गोळा होईल इतकंच हाताने जुळवायचं. मळलं की खुसखुशीतपणा गेला. तांदळाच्या पिठीने हलका रवाळपणा येतो. नानखटाई करणाऱ्यांना वाटेल थोडा सोडा घालावा, इथे तो घालत नाहीत. २३ सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये थापा, काट्याने टोचे मारा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि १७० अंशांवर (फॅन ओव्हन असेल तर १५०) ३५ ते ४० मिनिटं भाजा. रंग फिकट सोनेरी, त्यापुढे नको. बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच सुरीने पट्ट्या आखा, पण टिनमधून पूर्ण गार झाल्यावरच काढा. घट्ट डब्यात दोन आठवडे छान राहतं. एका वेळी दोन टिन भाजा, ओव्हन तापवायचे पैसे तेवढेच लागतात.

पोस्टाने पाठवायला हाच पदार्थ. रॉयल मेलच्या 'लार्ज लेटर'ला अडीच सेंमी जाडी आणि ७५० ग्रॅमपर्यंत वजन चालतं. पट्ट्या एकाच थरात चपट्या खोक्यात बसवल्या तर पार्सलचे पैसे वाचतात.

*कोकोनट आइस.* नारळाच्या वडीची ही इंग्रज चुलत बहीण, चुलीशी संबंध नाही. म्हणून हे काम मुलांकडे सोपवा. कन्डेन्स्ड मिल्कचा ३९७ ग्रॅमचा पूर्ण डबा, ४०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, ३२० ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट. मिश्रण घट्ट होतं, चमचा मोडेल, सरळ हात घालावा. निम्म्यात दोन थेंब गुलाबी रंग. पांढरा थर खाली, गुलाबी वर, दाबून रात्रभर उघडं ठेवायचं आणि सकाळी वड्या पाडायच्या. गोड प्रचंड असते, त्यामुळे वड्या लहान.

*कुलकुल.* गोव्यात आणि वसईकडे नाताळ म्हणजे कुलकुल. शंकरपाळी येणाऱ्याला यात नवीन काही नाही, आकार सोडून. २५० ग्रॅम मैद्यात ६० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन घाला. नारळाच्या दुधात (साधारण १०० मिली, थोडं थोडं) घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. अंड्याची गरज नाही. चॅरिटी शॉपमध्ये सुट्ट्या काट्या-चमच्यांची टोपली असते, तिच्यातून एक जुना जड काटा उचला, थोड्याच पेन्सात मिळतो. काट्याच्या पाठीला तेलाचा हात लावायचा, करवंदाएवढी गोळी त्यावर अंगठ्याने दाबून पातळ पसरायची, मग टोकाकडून स्वतःकडे गुंडाळत आणायची. वर रेषा उमटलेला छोटा शंख तयार होतो. शेवटची कड नीट चिकटवा, नाहीतर तेलात उलगडतो. मंद ते मध्यम आचेवर तळा. बाहेरून लवकर रंग आला तर आत कच्चे राहतात. चार माणसं आणि चार काटे असतील तर तासाभरात दोन डबे भरतात. एकट्याने करायच्या भानगडीत पडू नका.

भरणं आणि बांधणं

डब्यात एकच पदार्थ भरा. कुलकुलाशेजारी वडी ठेवली की कुलकुल मऊ पडतं.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: पदार्थ, तारीख, आणि आत काय काय आहे. ॲलर्जीचा मुद्दा इथे लोक गांभीर्याने घेतात. ब्रिटनच्या १४ ॲलर्जींच्या यादीत गहू, दूध, अंडं, सुकामेवा यांच्यासोबत मोहरी आणि तीळही आहेत. चटणीतली मोहरी आपल्याला फोडणी वाटते, त्यांना तो धोका असू शकतो. शाळेत पाठवायचं असेल तर घरचा खाऊ चालतो का हे आधी विचारा. सुक्यामेव्याला बऱ्याच शाळांत बंदी असते.

रॅपिंग पेपरवर पैसे घालवू नका. हळदीकुंकवाला ओटीत मिळालेले आणि कधीच न शिवलेले ब्लाऊजपीस प्रत्येक घरात बॅगेच्या तळाशी असतात. डबा मधोमध ठेवून समोरासमोरची टोकं बांधली की गाठोडं झालं, आणि कापड पुढे त्यांच्याही कामी येतं. काठाचा, खणाचा तुकडा असेल तर इंग्रज मंडळी डब्याआधी त्याचंच कौतुक करतात. कागद वापरायचाच तर तो मुठीत चुरगाळून बघा: चुरगळलेलाच राहिला तर रिसायकलिंगमध्ये जातो, उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे.

नाताळचा आठवडा

गेली काही वर्षं नाताळच्या आठवड्यात मोठ्या सुपरमार्केटांमध्ये भाज्यांच्या दराची चढाओढ लागते. गाजरं, बटाटे, पार्सनिप (पांढरट गाजरासारखं कंद), ब्रसेल्स स्प्राउट्स (इवले कोबी) काही पेन्सांना पिशवी मिळते, कधी दुकानाचं कार्ड लागतं. इंग्रज माणूस ती भाजायला नेतो. आपण हलवा करावा. इथली केशरी गाजरं दिल्लीच्या लाल गाजरांपेक्षा पाणीदार असतात, म्हणून किसलेली १ किलो गाजरं आधी नुसतीच, पाणी आटेपर्यंत परता. मग ३ मोठे चमचे तूप, मग पाऊण लिटर फुल फॅट दूध घालून आटवा आणि १५० ग्रॅम साखर अगदी शेवटी. साखर आधी घातली तर पुन्हा पाणी सुटतं. हा हलवा डब्यातून नको, जुन्या पायरेक्सच्या भांड्यातून शेजारी द्यावा, म्हणजे त्यांना तसाच गरम करता येतो.

दूध, लोणी २४ तारखेच्या दुपारपर्यंत आणून ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २५ डिसेंबरला मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात.

सत्तावीस तारखेनंतर

कार्डं, क्रॅकर (जेवणाच्या टेबलावर दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळ्या) आणि सजावट निम्म्या किमतीत येते. पुढच्या वर्षाची कार्डं आताच घ्या. जानेवारीत लोक नको असलेल्या भेटी आणून देतात, त्यामुळे चॅरिटी शॉपमध्ये न उघडलेली खोकी याच महिन्यात सर्वांत जास्त दिसतात. पत्र्याचे रिकामे डबेही तेव्हाच येतात, चॉकलेटं संपलेली असतात ना. पाच-सहा घेऊन एकात एक बसवून ठेवा. सगळं एका खोक्यात भरून वर मार्करने कार्डं किती आणि डबे किती ते लिहा, नाहीतर ऑक्टोबरात पुन्हा तेच विकत घ्याल.